ग्रंथी, अपची आणि अर्बुद : स्त्रीरोगांतील एका नामसंभ्रमाचा इतिहास

वर्धा जिल्ह्यातील सेगाव ह्या खेड्यात गांधीजी १९३६ साली राहावयास आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावाशी नामसादृश्य असल्यामुळे तेथील टपाल भलतीकडे जाऊ लागले, व १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. नामसादृश्याने पत्र चुकते त्याप्रमाणे लक्षणसादृश्याने रोगाचे निदानही चुकते. स्त्रियांच्या जननेंद्रियांना झालेला जंतुसंसर्ग कर्करोग म्हणून ओळखला जाणे, हे अशा चुकीचे एक गंभीर उदाहरण होय. हा विषय मुख्यतः वैद्यकाचा खरा. परंतु रोगांना नावे कोणत्या आधारावर दिली गेली हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो, आणि तेवढ्याच बाजूने त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड ह्यांचे विवेचन एकत्र केलेले आहे. ह्यांपैकी अपची म्हणजे गंडमाळेसारखा विकार. तो क्षयजन्य असावा असे सामान्यतः मानले जाते. अर्बुदाचा अर्थ पुढे कर्करोगाच्या गाठीपर्यंत विस्तारला. संसर्ग आणि अर्बुद ह्यांना एकाच अध्यायात स्थान मिळाले, कारण वर्गीकरणाचा आधार हाताला लागणारी गाठ हा होता. तथापि ग्रंथकाराने भेद केलाच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. अर्बुदे स्वभावतः पिकत नाहीत, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. चरकसंहितेतील रक्तगुल्माची चर्चाही ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. स्त्रियांनाच होणारा हा गुल्म गर्भासारखा भासतो, म्हणून दहावा महिना उलटल्यावरच त्याची चिकित्सा करावी असा दंडक तेथे घातला आहे. लक्षणे निर्णय देऊ शकत नसतील तेथे निर्णय लांबणीवर टाकावा, हे तत्त्व त्यात अभिप्रेत आहे.

युरोपीय भाषांतही हाच प्रकार आढळतो. ग्रीक वैद्यांनी पसरणाऱ्या गाठीला व व्रणाला खेकड्याचे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचे ‘कॅन्सर’ झाले. ह्याच लॅटिन शब्दापासून फ्रेंचमधील ‘शांक्र’ हा शब्द निघाला, आणि तो उपदंशाच्या व्रणास, म्हणजे संसर्गालाच, रूढ झाला. कुपोषित मुलांचे तोंड सडविणाऱ्या रोगाचे ‘कँक्रम ओरिस’ हे नावही त्याच कुळातले. आपला ‘कर्करोग’ हा शब्द त्याच खेकड्याचे संस्कृत रूप होय. सारांश, ज्या दोन रोगजाती आज आपण भिन्न मानतो त्या शब्दाच्या उगमापाशी एकत्रच नांदत होत्या.

ह्या संभ्रमाचे शस्त्रक्रियेच्या इतिहासातील प्रसिद्ध उदाहरण १८६२ सालचे आहे. लंडनचे शल्यविशारद टॉमस स्पेन्सर वेल्स ह्यांनी अंडाशयाची गाठ समजून एका तरुण स्त्रीचे पोट उघडले. आत त्यांना क्षयाने व्यापलेले उदरावरण दिसले. त्यांनी साचलेले पाणी काढून पोट शिवले, आणि ती स्त्री बरी झाली. क्षयाचा जंतू शोधल्याचे रॉबर्ट कॉख ह्यांनी जाहीर केले ते त्यानंतर वीस वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी.

जंतू सापडला तरी सादृश्य नाहीसे झाले नाही. उदराच्या क्षयात पोटात पाणी होते, ओटीपोटात गाठ लागते, वजन घटते. अंडाशयाच्या कर्करोगातही तेच घडते. १९८१ साली पुढे आलेली ‘सीए-१२५’ ही रक्ततपासणीही येथे निर्णायक ठरत नाही, कारण हा पदार्थ क्षोभ झालेल्या उदरावरणातूनही स्रवतो. गर्भाशयमुखाच्या क्षयातील व्रण स्पर्शाने रक्ताळतो व कर्करोगासारखाच दिसतो. ॲक्टिनोमायकोसिस ह्या रोगाची कथा अधिक बोधप्रद आहे. १८७७ साली त्याच्या जंतूस ‘किरण-बुरशी’ ह्या अर्थाचे नाव मिळाले. वस्तुतः तो जीवाणू निघाला. तांबी दीर्घकाळ न बदललेल्या स्त्रियांत तो क्वचित ओटीपोटात कठीण, आजूबाजूस चिकटलेला गोळा निर्माण करतो, आणि तो गोळाही कर्करोगाचा भास उत्पन्न करतो.

सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नय्यर ह्यांच्या प्रयत्नाने १९४५ साली स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी पंधरा खाटांचे रुग्णालय उभे राहिले. १९६९ साली तेथेच ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खेड्यातील स्त्री वैद्याजवळ ‘अंगावरून पांढरे जाते’, ‘ओटीपोटात गोळा आला’ एवढेच सांगते. हे शब्द लक्षणाचे आहेत, रोगाचे नव्हेत. आणि येथेच त्यांची प्रामाणिकता आहे. लक्षणावरून थेट रोगाच्या नावावर उडी घेण्याचा धोका सुशिक्षित भाषेत अधिक. ती उडी चुकली तर हानी दोन्ही बाजूंनी होते. क्षयाला कर्करोग म्हटले तर साधारणपणे सहा महिन्यांच्या औषधोपचाराने आटोक्यात येणाऱ्या रोगापायी स्त्री गर्भाशय व अंडाशय गमावून बसते. उलट, कर्करोगाला संसर्ग म्हटले तर औषधांच्या पुड्यांत बहुमोल काळ निघून जातो. म्हणून ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याविना व जंतूचा शोध घेतल्याविना नाव उच्चारू नये, हा आधुनिक दंडक होय. चरकाने काळाला साक्षी मानले. आज साक्ष ऊतकाची घ्यावी लागते.

एक गोष्ट शेवटी नमूद करणे अवश्य आहे. १९८३ साली हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पॅपिलोमा विषाणूचा एक प्रकार आढळल्याचे दाखविले. २००८ साली त्यांना ह्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. हा कर्करोग बहुतांशी दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातूनच उद्भवतो, हे आता मान्य झाले आहे. म्हणजे संसर्ग व कर्करोग ह्यांच्यामध्ये मोठ्या कष्टाने आखलेली सीमारेषा एका ठिकाणी कार्यकारणाच्या नात्याने ओलांडली गेली. परंतु सुश्रुताच्या अध्यायातील एकत्रपणा आणि हा एकत्रपणा ह्यांत महदंतर आहे : तेथे दोन वस्तू सारख्या दिसल्या म्हणून शेजारी आल्या, येथे एकीपासून दुसरी कशी होते हे सिद्ध झाले म्हणून. रुग्ण स्त्रीच्या दृष्टीने हा भेद केवळ शब्दांचा नाही. पहिल्या प्रकारात तिला चुकीचे उपचार मिळण्याचा संभव असतो. दुसऱ्यात, संसर्ग वेळीच ओळखला गेला, तर रोग टळण्याचा.