बीळ, लेणे आणि बेलम : बंगळूरकरांच्या एका गुहासहलीचा पूर्वेतिहास

बंगळूरच्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी गेल्या दोन दशकांत जी सहलीची ठिकाणे आपलीशी केली, त्यांत आंध्र प्रदेशातील बेलम गुहांचा समावेश करावा लागेल. अनंतपूर-ताडिपत्रीमार्गे सुमारे २७५ किलोमीटरांचा हा प्रवास आहे. जोडीला गंडिकोटा घेतले की दोन दिवसांचा कार्यक्रम होतो. या सहलींत बंगळूरस्थ मराठी कुटुंबेही असतात. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी मिळून तिकीट काढावे, वाटाड्यामागून भूगर्भात उतरावे आणि तासाभराने घामाघूम होऊन बाहेर यावे, असा हा अनुभव वरकरणी निव्वळ करमणुकीचा वाटतो. परंतु ज्या भाषेला ‘लेणे’ पाहण्याची सवय आहे, तिच्या भाषकांनी कोणीही न खोदलेली गुहा पाहायला जाणे ही सांस्कृतिकदृष्ट्या साधी घटना नव्हे.

याचे कारण आधी दगडात शोधले पाहिजे. महाराष्ट्राचा बहुतांश प्रदेश काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. चुनखडक पाण्यात विरघळतो, तसा हा कातळ विरघळत नाही. त्यामुळे पाण्याने आतून पोखरलेली, मैलोगणती पसरलेली विवरे मराठी मुलखात सहसा आढळत नाहीत. येथे गुहा हवी असेल तर ती छिन्नीने कोरावी लागते. नाशिक, कार्ले, जुन्नर येथील प्राचीन शिलालेखांत ‘लेण’ हा शब्द येतो. संस्कृत ‘लयन’ याचे ते प्राकृत रूप असून निवाऱ्याची जागा हा त्याचा अर्थ. त्याच शब्दाला मराठीत अलंकाराच्या ‘लेण्या’चे सान्निध्य लाभले आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले. परिणामी गुहा म्हटली की मराठी माणसाचा पहिला प्रश्न ‘कोणी कोरली?’ हा असतो. घारापुरीला वा वेरूळला शाळेच्या सहलीतून गेलेल्या मुलाला हाच प्रश्न विचारायला शिकवलेले असते.

खुद्द बंगळुरात या प्रश्नाचे उत्तर थोडे वेगळे मिळते. गविपुरम येथील गवी गंगाधरेश्वर मंदिर नैसर्गिक खडकाच्या पोकळीत आहे. ‘गवी’ म्हणजे कन्नडमध्ये गुहाच. परंपरा या देवस्थानाची उभारणी सोळाव्या शतकात केंपेगौडाकडे सोपवते. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीचे किरण नंदीच्या शिंगांमधून आत शिरून शिवलिंगापर्यंत पोहोचतात, तो क्षण पाहण्यासाठी दरवर्षी गर्दी लोटते. गाभाऱ्याभोवतीची वाट इतकी ठेंगणी की प्रदक्षिणा वाकूनच घालावी लागते. सन १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारातील बहुभाषिकतेची साक्ष जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी हा ग्रंथ प्रकाशात आणला, हे सर्वश्रुत आहे. तेव्हापासून येथे येत गेलेल्या मराठी कुटुंबांना ‘गवी’ परकी राहिली नसणार. मात्र तेथे जाणे हे दर्शन होते, सहल नव्हे. गुहेला देव होता आणि देवामुळे गुहेला अर्थ होता.

बेलमला देव नाही, शिल्पकारही नाही. नंद्याल जिल्ह्यातील (२०२२ पूर्वीचा कर्नूल जिल्हा) सपाट शेतजमिनीत विहिरीसारखे खळगे दिसतात. त्यांतल्या एकातून पायऱ्या खाली जातात. मातीतून झिरपताना पावसाच्या पाण्यात कर्बवायू मिसळतो, त्याचे सौम्य आम्ल होते आणि ते चुनखडकाच्या भेगा रुंदावत नेते. पुढे भूमिगत प्रवाहांनी या भेगांचे बोगदे केले. या गुहांची ज्ञात लांबी ३,२२९ मीटर आहे. पैकी सुमारे दीड किलोमीटर भाग लोकांसाठी खुला आहे. ‘बेलम’ हे नाव संस्कृत ‘बिल’ या शब्दाशी जोडले जाते. मराठीत हाच शब्द ‘बीळ’ झाला आणि उंदीर-सापापुरता आकसला. ज्या प्रदेशात माणूस सरळ उभा राहून चालू शकेल असे नैसर्गिक बीळच दुर्मीळ, तेथे शब्दाने लहान होणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

या परिसरातील गुहांच्या शोधाचा इतिहास मराठी इतिहासलेखनाशी एका अनपेक्षित धाग्याने जोडलेला आहे. जवळच्या बेतमचेर्ला येथील बिल्लसुरगम गुहांतील प्राण्यांच्या अस्थींची नोंद कॅप्टन न्यूबोल्ड याने १८४४ मध्ये केली होती. चार दशकांनी इंग्लंडातील जीवशास्त्रज्ञ हक्स्ले याच्या सूचनेवरून मद्रासच्या गव्हर्नराने तेथे पद्धतशीर उत्खनन करवले. हा गव्हर्नर म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफचा मुलगा. बापाच्या ग्रंथावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ साली घेतलेले आक्षेप मराठी अभ्यासकांना पाठ आहेत. मुलाच्या या उपक्रमाकडे मात्र कोणी वळून पाहिले नाही. उत्खननाचे काम भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट याच्याकडे आले. पुढील टप्प्यात त्याचा मुलगा, लष्करी अधिकारी हेन्री ब्रूस फूट, याने ते चालवले. मिळालेल्या जीवाश्मांचे वर्णन लिडेकरने केले. बेलमचा उल्लेखही फूटच्याच नोंदींत १८८४ मध्ये येतो. या भागातील गुहांचे अध्ययनही अशा रीतीने एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांनी केले, असे गमतीने म्हणता येईल.

त्यानंतर शंभर वर्षे बेलमकडे विद्वानांचे फारसे लक्ष गेले नाही. १९८२ आणि १९८३ मध्ये हर्बर्ट डॅनियल गेबाउअर याच्या नेतृत्वाखाली जर्मन गुहाशोधकांनी तिची तपशीलवार पाहणी केली. १९९९ मध्ये आंध्र प्रदेशच्या पर्यटन महामंडळाने जागा ताब्यात घेतली. वाटा बांधल्या, दिवे लावले, हवेसाठी झडपा खोदल्या आणि २००२ मध्ये गुहा प्रेक्षकांना खुली झाली. सहलीचा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

दिव्यांनी गुहा दिसू लागली, तरी तिला वाचनीय केले ते नावांनी. सिंहद्वार, कोटिलिंगाल, वेयि पडगलु, सप्तस्वराल गुहा, पाताळगंगा : वाटाड्या एकेका नावापाशी थांबतो, विजेरीचा झोत छतावर टाकतो आणि आकार दाखवतो. हजार फणांच्या त्या दालनाचे ‘वेयि पडगलु’ हे नाव विश्वनाथ सत्यनारायण यांच्या तेलुगू कादंबरीचेही नाव आहे. तिचा हिंदी अनुवाद करणाऱ्या पी. व्ही. नरसिंह राव यांनीच हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ तेलुगूत नेली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. अशा नावांना अंधश्रद्धा म्हणून हसणारे सुशिक्षित पर्यटक असतात. त्यांचे हसणे उथळ आहे. अमेरिकेतील केंटकीच्या मॅमथ गुहेत स्टीफन बिशप हा गुलामगिरीत जखडलेला कृष्णवर्णीय तरुण १८३८ पासून वाटाड्याचे काम करी. त्याने अज्ञात दालने शोधली, स्मरणातून नकाशा काढला. त्या गुहेतील प्रवाहालाही ग्रीक पुराणातील मृतलोकीच्या नदीचे, स्टिक्सचे, नाव मिळाले. काळोखात उतरलेल्या माणसाला आपल्या पुराणाचा आधार लागतो. केंटकीत तो स्टिक्सचा होता, बेलममध्ये पाताळगंगेचा आहे.

आक्षेप घ्यायचा तो वेगळ्या गोष्टीला. नावांच्या या मालिकेत काळ हरवतो. छतावरून लोंबणारी फणा थेंबाथेंबातून घडायला हजारो वर्षे लागली, हे वाटाड्या एका वाक्यात उरकतो. फूट पितापुत्रांनी याच भूभागातील गुहांच्या मातीत माणसाचा माग शोधला, हे तर त्या कथनात येतच नाही. वेरूळच्या वाटाड्याकडून राष्ट्रकूटांचे नाव ऐकण्याची अपेक्षा करणारे मराठी कुटुंब येथे ‘कोणी कोरली?’ या आपल्या जुन्या प्रश्नाचे ‘पाण्याने’ हे उत्तर घेऊन पुढे सरकते. ते उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. त्या पाण्याला केवढा अवधी लागला आणि माणूस त्या पोकळीत केव्हा शिरला, हे विचारणारी भाषा लेण्यांच्या परंपरेने घडवली नाही. ती मुलांना भूगोलाच्या पुस्तकातून तुटक स्वरूपात मिळते. बहुधा म्हणूनच अशा सहलीत प्रश्न विचारतात ती मुले, आणि वडीलधारे छताखालून वाकत निमूटपणे चालतात.

पाताळगंगेपाशी वाट संपते. गुहेतील हे सर्वांत खोल स्थान, प्रवेशद्वारापासून सुमारे ४६ मीटर खाली. बारमाही वाहणारा एक लहानसा ओहोळ येथे क्षणभर दिसतो आणि खडकात नाहीसा होतो. तो दोन किलोमीटरांवरील बेलम गावच्या विहिरीत निघतो, असे स्थानिक लोक मानतात.