कांडणाची ओवी आणि नकलकाराचें लक्ष

जुन्या पोथ्यांच्या शेवटीं नकलकार जे श्लोक लिहितो त्यांत मोडलेल्या पाठीचा, वांकलेल्या मानेचा व ताठलेल्या दृष्टीचा उल्लेख असतो. जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष माझा नव्हे, असेंही तो सांगून टाकतो. कानाचें नांव मात्र घेत नाहीं. पाठभेदांचा विचार करितांना आम्हांस हा कानच अधिक महत्त्वाचा वाटतो. गीताचे शब्द कानीं पडत असतां काम सुधारतें कीं बिघडतें, याचें उत्तर कामागणिक बदलतें. आणि तें शोधण्यास शहापूर-मुरबाडकडील भाताच्या उखळीपासून आरंभ करणें सोईचें आहे.

ओवीचा कांडणाशीं संबंध जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासां'त (शके 1051, इ. स. 1129) महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असें सांगितलें आहे. ज्ञानेश्वरीच्या (शके 1212) पूर्वीं 161 वर्षें झालेला हा उल्लेख जात्याचा नसून मुसळाचा आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. माहुलीच्या पायथ्यापासून नाणेघाटाखालच्या वैशाखऱ्यापर्यंतचा मुलूख भाताचा. तेथें सोमेश्वराचें वचन विशेष लागू पडतें.

एका उखळीवर दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीनें घाव घालीत. एकीचें मुसळ वर गेलें कीं दुसरीचें खालीं. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळे. घाव वेडावांकडा पडला तर तांदळाची कणी होई. अशा कामांत शब्द अडथळा कां होत नाहींत? कारण हातांस शब्दांची गरज नसते. शब्दच हातांच्या तालावर येऊन बसतात. एकीनें चरण म्हणावा, दुसरीनें तोच उचलावा, आणि तेवढ्या अवकाशांत पहिलीनें पुढचा जुळवावा. चरणाची पुनरुक्ति ही गाणारीची विश्रांति होय. पावसाळ्यांत चिखलांत वांकून चालणाऱ्या आवणीच्या गीतांचेंही असेंच आहे.

नकलकाराचें काम शब्दांचेंच. मूळ प्रतींतील ओळ बोरूनें कागदावर उतरेपर्यंत ती त्यास मनांत म्हणत राहावी लागते, आणि नेमक्या त्याच क्षणीं दुसरे शब्द आंत शिरतात. 1976 मध्यें कॉल व वेल्श यांनीं दाखविलें कीं, न समजणाऱ्या जर्मन भाषेंतील वाचन कानीं पडत असतांही दिसलेलीं अक्षरें क्रमानें आठवण्यांत चुका वाढतात. 1989 मध्यें सालामे व बॅडली यांस नुसत्या वाद्यसंगीतापेक्षां गायनाचा अडथळा अधिक आढळला. पण आमच्या मतें नकलकाराचा खरा शत्रु बाहेरचें गाणें नव्हे. त्याच्या स्वतःच्या तोंडीं बसलेलें गाणें होय. अभंग पाठ असला म्हणजे डोळा पानावर राहतो आणि हात मुखींच्या पाठामागें जातो. समान अक्षरांमुळें मधली ओळ गळली तर ती डोळ्याची चूक. पण छंद व अर्थ दोन्ही बिनतक्रार जुळून एखादा शब्दच पालटलेला दिसला तर तेथें मुखपरंपरेचा संशय अवश्य घ्यावा. असे पाठ गोड असतात, म्हणूनच ते फसवितात. एकनाथांनीं शके 1506 (इ. स. 1584) मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला व त्यांत नवी ओवी घालणारास कडक शब्दांत बजाविलें. उखळीपाशीं जें भूषण तेंच पोथींत दूषण ठरतें.

आतां भात गिरणींत सडलें जातें. कित्येक छापील संग्रहांत ओवी उरली आहे, काम उरलेलें नाहीं. कोणत्या ओळीवर घाव पडे, कोठें दुसरी उचले, हें त्यांवरून कळत नाहीं. हेमा राइरकर व गी पॉइटवाँ यांनीं जात्यावरच्या एक लक्षाहून अधिक ओव्या जमविल्या. कांडणाच्या वाट्यास तेवढें भाग्य आलेलें नाहीं. या दोन तालुक्यांतील ओव्यांची वही ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं ती उतरवितांना गाणारी उभी होती कीं बसून सांगत होती, एकटी होती कीं दुकटी, याची नोंद असल्यास ती अवश्य राखावी. आणि तोच चरण लागोपाठ दोनदां लिहिलेला आढळला तर नकलेचा प्रमाद समजून दुसरा खोडूं नये.