विडी उद्योग, अहमदनगर जिल्ह्यातील

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात तंबाखूच्या विड्या वळण्याचा, मुख्यत्वे घरगुती स्वरूपाचा व स्त्रियांच्या श्रमावर आधारलेला उद्योग. अहमदनगर शहर, संगमनेर व अकोले ही त्याची केंद्रे होत. लगतच्या नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हेही याच पट्ट्यात मोडते. विडीसाठी लागणारे पान व तंबाखू हे दोन्ही जिन्नस प्रामुख्याने बाहेरून येतात. स्थानिक असतात ते वळणारे हात. या हातांना ‘कामगार’ म्हणून मान्यता कशी मिळाली, हाच या उद्योगाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

तंबाखू भारतात पोर्तुगीजांमार्फत आला. सतराव्या शतकाच्या प्रारंभी विजापूरहून परतलेल्या असद बेगने तो अकबराच्या दरबारी नेला. जहांगीराने 1617 मध्ये धूम्रपानास बंदी केली, पण ती टिकली नाही. तंबाखूची पाने गुंडाळून केलेल्या चिरुटाचे नाव तमिळ भाषेतून आले असून तिरुचिरापल्ली व दिंडिगल येथील चिरूट इंग्रजी अमदानीत परदेशांतही प्रसिद्ध होते. चिरूट हे साहेबी राहणीचे, तर विडी हे श्रमिकाच्या विसाव्याचे लक्षण मानले गेले.

धूम्रपानाच्या या दोन्ही प्रकारांत ‘सौम्य’ व ‘कडक’ असा भेद केला जातो. चिरुटाच्या बाबतीत नवशिका ग्राहक बाहेरच्या पानाच्या रंगावरून अंदाज बांधतो व फिकट रंगाचा चिरूट सौम्य समजतो. वस्तुतः कडकपणा बव्हंशी आतील भरणीच्या तंबाखूवर अवलंबून असतो. विडीचे बाहेरचे पान तर तंबाखूचे नसतेच; ते टेंभुर्णीचे (तेंदूचे) असते. आतील तंबाखू गुजरातमधील चरोतर व सीमाभागातील निपाणी या प्रदेशांतून येतो आणि निरनिराळ्या प्रतींच्या मिश्रणाने विडीची चव व कडकपणा साधला जातो. विडीत तंबाखू सु. 0.2 ग्रॅम, म्हणजे सिगारेटपेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे ती सौम्य असल्याचा समज रूढ झाला. परंतु टेंभुर्णीचे पान सच्छिद्र नसल्याने विडी विझू नये म्हणून वारंवार व जोराने झुरके घ्यावे लागतात आणि तिच्या धुरातून डांबर व कार्बन मोनॉक्साइड अधिक प्रमाणात शरीरात जातात. चिरुटाचा धूर छातीत ओढला नाही, तरी त्यातील निकोटीन तोंडाच्या अंतस्त्वचेतून शोषले जाते. तात्पर्य, सौम्यता ही चवीची बाब आहे; निरुपद्रवीपणाची खूण नव्हे.

व्यापारी प्रमाणावरील विडी उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूर व गोंदिया या तेंदूपानाच्या प्रदेशांत वाढला आणि रेल्वेच्या साहाय्याने अन्यत्र पसरला. अहमदनगर जिल्हा पानाच्या जंगलांपासून दूर असूनही तेथे हा धंदा रुजला, याचे कारण अवर्षण होय. शेतीचा भरवसा नसलेल्या गावांत घरबसल्या मिळणारे, भांडवल न लागणारे काम स्त्रियांना आधाराचे ठरले. अहमदनगर शहरात हातमागावरील लुगड्यांचा धंदा जुना होता. त्याला उतरती कळा लागल्यावर तोफखाना व आसपासच्या वस्त्यांतील तेलुगुभाषक पद्मशाली विणकर कुटुंबांतील स्त्रिया विडीकामाकडे वळल्या.

पान भिजवून मऊ करणे, पत्र्याच्या मापाने ते कापणे, तंबाखू भरून वळणे, टोके दुमडणे व दोऱ्याने बांधणे हे सर्व एकच स्त्री करते. मांडीवरील सुपात पाने व तंबाखू ठेवून सराईत स्त्री दिवसाकाठी हजाराच्या आसपास विड्या वळते. मजुरी दर हजारी ठरते. माल जमा करताना सदोष ठरविलेल्या विड्यांना ‘छाट’ म्हणतात. छाट किती काढावी हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर असल्याने ठरलेला दर व हाती पडणारी मजुरी यांत अंतर पडे.

किमान वेतन अधिनियमाच्या (1948) अनुसूचीत विडीकामाचा समावेश प्रारंभापासून होता. पण अंमलबजावणीचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1961 मध्ये सिन्नरच्या एका कारखान्याच्या प्रकरणात, आपल्या सोयीने येऊन उक्ती मजुरीवर विड्या वळणारा मजूर हा कारखाना अधिनियमानुसार कामगार ठरत नाही, असा निर्णय झाला. त्याच वर्षी गोंदियाच्या व्यापारी संघाच्या प्रकरणात, किमान वेतनाच्या अधिसूचनेद्वारे छाटीचे नियम घालण्याचा शासनाचा अधिकार अमान्य झाला. 1962 मध्ये मात्र संगमनेर-अकोला (हल्लीचे अकोले) तालुका विडी कामगार युनियन प्रतिवादी असलेल्या खटल्यात, प्रदेशपरत्वे निरनिराळे किमान दर ठरविण्याची तरतूद वैध ठरून कारखानदारांचे आव्हान फेटाळले गेले.

या उणिवा विडी व सिगार कामगार (कामाच्या शर्ती) अधिनियमाने (1966) बऱ्याच अंशी दूर केल्या. घरी काम करणारी स्त्रीही कामगाराच्या व्याख्येत आली आणि छाटीविषयीचे वाद सोडविण्यासाठी प्राधिकाऱ्याची तरतूद झाली. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. 1976 च्या कायद्यांनी उपकर बसवून कल्याण निधी उभारला व त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या व घरकुले यांना साहाय्य मिळाले. हा उपकर 2017 मध्ये रद्द झाला आणि 1966 चा कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला.

विडी न ओढताही वळणारी स्त्री तंबाखूची धूळ श्वासावाटे घेते. खोकला, मान व पाठीची दुखणी हे या कामातील नेहमीचे विकार होत. तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2004 मध्ये स्वीकारला. त्याच्या सतराव्या अनुच्छेदात तंबाखू कामगारांना पर्यायी उपजीविका मिळवून देण्यास उत्तेजन द्यावे, असे म्हटले आहे. विडीचा खप घटणे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने इष्टच आहे. परंतु कामगार म्हणून मान्यता मिळविण्यासाठी ज्यांना दीर्घकाळ झगडावे लागले, त्यांना दुसरे काम मिळाल्याखेरीज ती घट न्याय्य ठरणार नाही.