कुटुंबोपचार, संस्कृतिसंवेदी
हेतुपुरस्सर स्वतःला इजा करून घेणाऱ्या किशोरवयीनांसाठी, घरातील भाषा, नातेरचना व मूल्ये विचारात घेऊन कुटुंबासह केला जाणारा मानसोपचार (पहा : स्वइजा). साल्व्हादोर मिनुचिन यांच्या संरचनात्मक कुटुंबोपचाराच्या आधारे होझे शापोचनिक यांनी १९७०च्या दशकात मायामी येथे क्यूबन स्थलांतरित कुटुंबांसाठी अल्पकालीन पद्धती विकसित केली. मुले अमेरिकी वळणाची, आईवडील मूळ रीतीला धरून, यातून उद्भवणारा पिढ्यांतील ताण हा तिचा एक मुख्य विषय (पहा : संस्कृतिसंक्रमण). लुईस सायास यांनी लॅटिना मुलींच्या आत्महत्या-प्रयत्नांच्या अभ्यासातही हा ताण महत्त्वाचा मानला.

उपचारात प्रथम सुरक्षितता आराखडा होतो : धोक्याच्या खुणा कोणत्या, घरातील औषधे कोणाच्या कुलपात, रात्री कोणाला उठवायचे. मुलांना आईवडिलांचे दुभाषी करणे टाळतात. घरात शब्द आजीचा चालत असेल, तर तिलाही बोलावतात. मुलांचे खाजगी बोलणे जिवाला धोका असल्याखेरीज घरी उघड केले जात नाही.

परिणामकारकतेचा पुरावा संमिश्र आहे. ब्रिटनमधील ८३२ किशोरवयीनांच्या ‘शिफ्ट’ चाचणीत (२०१८) सर्वसाधारण कुटुंबोपचारामुळे पुन्हा इजा होऊन रुग्णालयात येण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा घटले नाही. भारतात तातडीच्या समुपदेशनासाठी ‘टेली-मानस’ (१४४१६) ही सेवा आहे (पहा : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७).