मे महिन्यात पावसाळा, चाळीत कांदा: बदलत्या हवामानाशी कळवणचे शेतकरी कसं जुळवून घेतात?

२६ मे २०२५ रोजी मान्सून मुंबईत पोहोचला. आजवरच्या नोंदींमध्ये इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. त्याआधीचे काही आठवडेही राज्याच्या बऱ्याच भागांत पाऊस पडत होता. उकाड्यातून सुटका झाली म्हणून शहरांत लोक खूश होते. नाशिक जिल्ह्यात मात्र हा काळ उन्हाळी कांदा काढायचा, सुकवायचा आणि चाळीत भरायचा असतो. ज्यांचा कांदा शेतातच पडून होता, त्यांचं वर्षाचं गणित त्या पावसात भिजलं.

हवामान बदल म्हटलं की वितळणारे हिमनग डोळ्यांसमोर येतात. पण कळवणसारख्या तालुक्यात तो असा दिसतो: पाऊस येतो, पण नको त्या दिवशी. या बदलाला तोंड देण्यासाठी शेतकरी काय करत आहेत, त्यातलं काय चालतं आणि कुठे घोडं अडतं, हे समजून घेऊया.

कळवण आहे कुठे आणि ते का महत्त्वाचं?

कळवण हा नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातला आदिवासीबहुल तालुका. सप्तशृंगी गड याच तालुक्यात येतो. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या पट्ट्याला 'कसमादे' म्हणतात. कांदा आणि डाळिंब ही या पट्ट्याची ओळख.

एकाच तालुक्यात इथे दोन वेगळी हवामानं नांदतात. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आहेत. तिथे पाऊस भरपूर आणि शेती डोंगरउताराची: भात, नागली, वरई. पूर्वेकडे सरकावं तसा पाऊस कमी होत जातो आणि विहिरीवरची बागायती शेती सुरू होते. पश्चिमेच्या डोंगरांत उगम पावणारी गिरणा नदी या दोन्ही भागांना जोडते. त्यामुळे 'कळवणचा शेतकरी' असा एकच माणूस नाही. कोणाला कोणता उपाय परवडतो, हे तो तालुक्याच्या कोणत्या टोकाला राहतो यावरही ठरतं.

हवामानात नेमकं काय बदललंय?

हवा १ अंश सेल्सिअसने तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कमी वेळात धो धो पडतो आणि मधले खंड लांबतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या (आयआयटीएम) शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यातून समोर आलं.

नाशिककरांची दुसरी डोकेदुखी म्हणजे अवकाळी पाऊस आणि गारपीट. पश्चिमेकडून येणारे पश्चिमी विक्षोभ आणि समुद्रावरून येणारं बाष्प एकत्र आलं, की भर उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात ढग उभे राहतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने महाराष्ट्राच्या मोठ्या भागात रब्बी पिकं झोडपली. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारा पडल्या आणि द्राक्षबागांचं मोठं नुकसान झालं. याच वर्षी ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि त्यात शेजारचा मालेगाव तालुकाही होता. म्हणजे दुष्काळ जाहीर झाल्यावर महिनाभरात गारपीट!

प्रत्येक गारपीट हवामान बदलामुळेच होते, असं म्हणता येत नाही. पण 'अमुक महिन्यात पाऊस नसतोच' हा जुना भरवसा आता उरलेला नाही. शेतीचं वेळापत्रक तर याच भरवशावर उभं होतं.

कांदाच का अडचणीत येतो?

उन्हाळी कांद्याची लागवड साधारण डिसेंबर-जानेवारीत होते, काढणी मार्च-एप्रिलमध्ये. हा कांदा टिकतो, म्हणून तो चाळीत साठवून पार सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा विकता येतो. शेतकऱ्यासाठी चाळीतला कांदा म्हणजे एक प्रकारची बँकेतली ठेव. मुलांची फी, लग्न, पुढच्या हंगामाचं बियाणं, सगळं त्यावर चालतं.

हवामान या प्रवासात चार ठिकाणी घाव घालतं.

रोप: लागवडीआधी रोपवाटिकेत अतिवृष्टी झाली, तर रोपं सडतात. मग दुसऱ्यांदा बियाणं टाका किंवा महागडं रोप विकत आणा.

पात: ढगाळ हवा, धुकं आणि दव वाढलं की करपा येतो. पाऊस नसेल आणि ऊन वाढलं तर फुलकिडे. दोन्हीकडून फवारणीचा खर्च वाढतो.

काढणी: उपटलेला कांदा पातीसह तीन-चार दिवस शेतात आणि नंतर दहा-बारा दिवस सावलीत सुकवावा लागतो. या पंधरवड्यात एक जोराची सर पुरेशी असते.

साठवण: ओल लागलेला कांदा चाळीत गेला की आधी तो सडतो, मग शेजारचा. साठवणुकीत चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते.

मग शेतकऱ्यांनी काय बदललं?

सगळ्यांत डोळ्यांत भरणारा बदल म्हणजे सुधारित कांदा चाळ. तिचं तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असतं, म्हणजे खालून हवा खेळते. बाजूला फटी ठेवलेल्या असतात, रुंदी साधारण चार फूट आणि ढिगाची उंचीही चार-पाच फुटांच्या पुढे नेत नाहीत. छताचा पत्रा बाहेर काढलेला असतो, त्यामुळे पावसाचे फटकारे आत येत नाहीत. सरकारने अनेक वर्षं यासाठी टनामागे ३,५०० रुपये, म्हणजे २५ टनांच्या चाळीला ८७,५०० रुपये अनुदान दिलं. मात्र अनुदान चाळ बांधून झाल्यावर खात्यात येतं. आधी खिशातले किंवा कर्जाचे पैसे घालावे लागतात.

दुसरा बदल रोपवाटिकेत झाला. सपाट वाफ्यांऐवजी उंच गादीवाफे केले की जास्तीचं पाणी निघून जातं. ठिबक किंवा तुषार सिंचन असेल तर पाणी कमी लागतं. काही जण सगळी लागवड एकाच आठवड्यात न करता दोन-तीन टप्प्यांत करतात. एक टप्पा पावसात सापडला, तरी बाकीचे वाचतील हा हिशेब.

तिसरा बदल बियाण्याचा. पुणे जिल्ह्यातल्या राजगुरूनगरला केंद्र सरकारचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथून भीमा शक्ती, भीमा किरण अशा जाती आल्या. तरीही अनेक शेतकरी घरचं बियाणं सोडत नाहीत. चांगला टिकलेला कांदा निवडायचा, तो पुन्हा लावायचा आणि डोंगळ्यांतून बी धरायचं. आपल्याच शिवारात, आपल्याच हवेत टिकलेल्या कांद्याची ही दरवर्षीची निवड असते. पण डोंगळे फुलोऱ्यात असताना गारा पडल्या किंवा मधमाश्याच फिरकल्या नाहीत, तर हे बियाणंही हातचं जातं.

डाळिंबाने आधीच दिलेला धडा

कसमादेला पीक बदलण्याचा अनुभव नवा नाही. कमी पाण्यात येणारं, चांगला पैसा देणारं पीक म्हणून इथे डाळिंब फोफावलं. मग तेल्या रोग आला. हा जिवाणूजन्य रोग दमट, पावसाळी हवेत झपाट्याने पसरतो. या रोगामुळे पट्ट्यातल्या असंख्य बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली आणि अनेक शेतकरी कांद्याकडे वळले.

काहींनी बाग टिकवली, ती बहार बदलून. पावसाळ्यातला मृग बहार टाळून हस्त किंवा आंबे बहार धरला, की फळवाढीचा बराच काळ कोरड्या हवेत जातो. पण आता जानेवारी-मार्चमध्येही पाऊस येत असेल, तर या युक्तीचीही धार बोथट होते. एका धोक्यापासून पळताना शेतकरी दुसऱ्याच्या तावडीत सापडतो, तो असा.

पाण्याचं काय? फडापासून शेततळ्यापर्यंत

पाण्याच्या टंचाईशी जुळवून घेण्याची या भागातली सर्वांत जुनी रीत म्हणजे फड पद्धत. गिरणा, मोसम, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत काही शतकांपूर्वीपासून छोटे बंधारे बांधून पाटाने पाणी फिरवलं जायचं. लाभक्षेत्राचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी पिकं फिरवायची. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड कोरडे ठेवायचे आणि तो तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. या पद्धतीचं खरं बळ बंधाऱ्यापेक्षाही या नियमात होतं.

पुढे मोठी धरणं आली. गिरणेवरचं चणकापूर धरण १९११ सालचं, ब्रिटिशकालीन. विहिरी आणि बोअरवेल वाढल्या. पाणी सगळ्यांचं होतं, ते ज्याच्या-त्याच्या मोटारीचं झालं.

२०१६ मध्ये राज्य सरकारने 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, तेव्हा कमाल अनुदान ५०,००० रुपये होतं. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लीटर पाणी मावतं. मार्चमध्ये कांद्याची शेवटची दोन पाणी देण्यासाठी ते जिवाचं असतं.

यातली अडचण अशी, की शेततळं पावसाचं वाहतं पाणी अडवण्यासाठी आहे. पण अनेक ठिकाणी प्लास्टिक कागद अंथरून ते विहीर किंवा बोअरवेलच्या पाण्याने भरलं जातं. भूजल वर आणायचं, उन्हात ठेवायचं आणि काही भागाची वाफ होऊ द्यायची! ज्याच्याकडे तळं आहे तो तरतो, शेजाऱ्याची विहीर मात्र लवकर तळ गाठते. अभ्यासक याला 'चुकीचं अनुकूलन' म्हणतात, म्हणजे एकाची सोय आणि दुसऱ्याची गैरसोय.

शहरं आणि गावं यांच्यातही हाच प्रश्न आहे. चणकापूरचं पाणी मालेगाव शहराला पिण्यासाठी जातं. पुनद धरणातून सटाणा शहरासाठी जलवाहिनी नेण्याच्या योजनेला कळवण तालुक्यातून मोठा विरोध झाला होता. दोन्ही बाजूंची गरज खरी आहे. पाऊस जितका बेभरवशाचा होईल, तितके असे वाद वाढतील.

पश्चिमेच्या डोंगरात वेगळी लढाई

तालुक्याच्या पश्चिम भागात चाळ आणि शेततळ्याच्या आधीचा प्रश्न आहे: जमीन कोणाच्या नावावर?

इथली बरीच आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना हक्क मिळायला हवा, पण दावे रखडले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकरी लाँग मार्चची एक मुख्य मागणी हीच होती आणि त्यात या भागातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. याचा हवामानाशी संबंध काय? जमिनीचा कागद नसेल तर पीक कर्ज, विमा, अनुदान, नुकसानभरपाई या सगळ्या दारांवर अडवणूक होते. म्हणजे ज्याला पावसाचा फटका थेट बसतो, त्याच्याकडेच सावरायचं साधन सर्वांत कमी.

दुसरी गोष्ट मजुरीची. भात-नागलीचं काम संपलं की या डोंगराळ भागातली अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. गारपिटीत बाग गेली की बागायतदाराचा पंचनामा होतो. मजुराच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा कोणी करत नाही.

या भागाच्या जमेच्या बाजूही आहेत. नागली आणि वरई हलक्या, उताराच्या जमिनीत कमी खर्चात येतात. थंड हवेचा फायदा घेत सुरगाणा आणि कळवणच्या डोंगराळ पट्ट्यात काही शेतकरी स्ट्रॉबेरी घेतात आणि सापुताऱ्याच्या रस्त्यावर विकतात.

विमा आणि मदत पुरेशी आहे का?

खरीप २०२३ पासून महाराष्ट्रात एक रुपयात पीक विमा मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून ही सोय बंद झाली. आता शेतकऱ्याला खरिपात विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीत १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता भरावा लागतो. भरपाईचा आधारही बदलला. ती आता पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. गारपीट मात्र सरासरी बघून होत नाही. ती एका शिवारात होते आणि पलीकडचं शिवार कोरडं राहतं.

आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये मदत मिळते, तीही दोन हेक्टरपर्यंत. त्यातून कांदा लागवडीची मजुरीही धड निघत नाही. शिवाय पंचनामा शेतातल्या पिकाचा होतो, चाळीत सडलेला कांदा त्यात बसवणं कठीण.

हवामानाशी जुळवलं, बाजाराचं काय?

शेतकऱ्याने कर्ज काढून चाळ बांधली, कांदा वाचवला. पण विकायच्या वेळीच भाव पडले तर? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीच केली. ती ४ मे २०२४ ला उठली आणि शुल्क पूर्णपणे हटायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा म्हणून हे निर्णय झाले. पण साठवणुकीत गुंतवलेला पैसा तेव्हाच वसूल होतो, जेव्हा थांबून विकण्याचं बक्षीस मिळतं. धोरण अचानक बदललं की चाळ असूनही शेतकरी मिळेल त्या भावात माल काढतो.

पुढे काय?

राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या म्हणजे 'पोकरा'च्या दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतली ७,२०१ गावं घेतली आहेत आणि त्यात नाशिक जिल्हाही आहे. हवामान बदल डोळ्यांसमोर ठेवून आखलेला हा प्रकल्प आहे. त्याचा उपयोग किती होईल, हे पैसा फक्त वैयक्तिक अनुदानात जातो की गावाच्या सामायिक कामांतही, यावर ठरेल.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, पाणी बघून पिकं ठरवण्याचा नियम केला. कळवणला हे परकं नाही, फडांमध्ये हेच होत होतं. भूजलाचा असा गावपातळीवरचा हिशेब, जमिनीचा कागद, चाळीत गेलेल्या मालालाही विमा आणि हंगामाच्या मध्येच न बदलणारं निर्यात धोरण, या चार गोष्टी एकटा शेतकरी करू शकत नाही. बाकी जे त्याच्या हातात होतं, म्हणजे पेरणीची तारीख, वाफा, बियाणं, बहार आणि चाळ, ते त्याने बहुतेक बदलून पाहिलंय.