ताम्हिणीच्या पावसात कुठला टायर?

इतिहासाच्या पॉडकास्टवर टायरचा एपिसोड कशाला, असं काही जणांना वाटेल. पण एकाच प्रश्नाचे मेसेज सारखे येतायत. प्रश्न साधारण असा असतो: "गाडी स्पोर्टी आहे, रोज हिंजवडीला नेतो, रविवारी ताम्हिणी. टायर संपलेत. परफॉर्मन्स टायर टाकू की कंपनीचेच परत टाकू?" मला यूट्यूबवरच्या रिव्ह्यूंपेक्षा टायरचा इतिहासच याचं जास्त चांगलं उत्तर देतो असं वाटतं. म्हणून हा भाग.

आधी एक स्पष्ट करतो. स्पोर्ट्स कार म्हटलं की लगेच पोर्शे डोळ्यांसमोर आणू नका. ज्यांच्याकडे आहे त्यांचं अभिनंदन, पण आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्पोर्टी गाडी म्हणजे चाकणला बनलेली पोलो जीटी, व्हर्टस जीटी, किंवा एखाद्या दादाने जपून ठेवलेली ऑक्टाव्हिया आरएस. या गाड्या पळायला तयारच असतात. त्या थांबतात कशा आणि वळतात कशा, हे ठरतं तळहाताएवढ्या चार ठिकाणी. रस्त्याला टायर टेकतो तो भाग साधारण तेवढाच असतो.

आणि आपला रस्ता कुठला? मुळशी तालुका. हिंजवडी मुळशीतच येतं, हे तिथे नोकरी करणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. माण, घोटवडे, पिरंगुट, पौड आणि पुढे धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी. इथे पाऊस किती पडतो? जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात पूर्ण वर्षभरात पडतो त्याच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. याच पावसासाठी शंभर वर्षांपूर्वी टाटांनी इथे धरण बांधलं. पाणी कोकणात भिऱ्याला उतरवायचं आणि तिथून मुंबईला वीज द्यायची, अशी ती योजना. त्यात गावं आणि भातशेती बुडाली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पण धरण झालंच. त्यावर एक वेगळा भाग करायचाय, इथे दोन वाक्यांत उरकणं बरोबर नाही. आज मुद्दा एवढाच, की ज्या पावसाने मुळशीचा नकाशा बदलला, त्याच पावसात आपण २०५ रुंदीचे टायर घेऊन फिरतोय.

आता मागे जाऊया. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला रबर आणि गंधक एकत्र तापवायची युक्ती सापडली. त्याआधी रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. (गुडइयर कंपनीशी त्याचा काही संबंध नाही बरं का. ती १८९८ ची, तोपर्यंत त्याला जाऊन अडतीस वर्षं झाली होती. नुसतं नाव घेतलंय.) १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. पण तेव्हा ना सायकली होत्या ना मोटारी, त्यामुळे लोक ते विसरूनही गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर जॉन डनलॉप याने पोराच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट नव्याने शोधली. पुढे थॉमसनचं जुनं पेटंट सापडलं आणि डनलॉपचं रद्द झालं. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार पळवली. पंक्चर काढता काढता जीव गेला, जिंकणं तर लांबच. पण मोटारीला हवेचा टायर चालतो, हे जगाने पाहिलं.

ते टायर गुळगुळीत होते. नक्षी नव्हतीच. रंगही काळा नव्हता, फिका पांढरट होता. मिशेलिनचा तो गुबगुबीत टायरवाला माणूस पांढरा का, याचं उत्तर इथे आहे. तो १८९८ चा आहे आणि रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घालून टायर टिकाऊ करायची पद्धत नंतर रुळली. नक्षीचा टायर कॉन्टिनेन्टलने १९०४ मध्ये आणला. आज आपण टायर बघताना आधी नक्षी बघतो, पण तिचं खरं काम नीट कळायला अजून जवळजवळ साठ वर्षं लागली. त्याकडे येतोच.

मधला मोठा टप्पा रेडियल टायरचा. जुन्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरके, एकमेकांवर फुली मारल्यासारखे असायचे. त्यामुळे बाजूची भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग एकाच अंगाचे झाले. वळणावर भिंत वाकली की खालचा भागही उचलला जायचा. मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि टेकणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टे असतात. भिंत वाकते, पण तळ सपाट राहतो. सित्रोएन कंपनी तेव्हा मिशेलिनच्याच मालकीची होती, त्यामुळे हा टायर लावायला गाडीही घरचीच मिळाली. पुढे १९७० च्या दशकात पिरेलीने पी-७ आणला: रुंद आणि कमी उंचीची भिंत असलेला. तो पोर्शे ९११ टर्बोवर गेला आणि स्पोर्ट्स कारचा टायर कसा दिसावा याचं चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं झालं. आज रिम एक इंच मोठी करायचा आपल्याला जो मोह होतो, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

आता माझा आवडता भाग. १९६० च्या आसपास जेट विमानं ओल्या धावपट्टीवरून घसरत होती. नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि सहकारी यावर प्रयोग करत होते. १९६३ मध्ये त्यांनी दाखवलं, की एका ठरावीक वेगाला चाकापुढचं पाणी इतका दाब तयार करतं, की चाक जमीन सोडून पाण्यावर तरंगतं. मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरते उरतात. त्यांचं सूत्र फार साधं आहे. टायरमधल्या हवेच्या दाबाचं, म्हणजे पीएसआयचं, वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण १६.६ ने गुणा. येतो तो ताशी किलोमीटरमधला वेग.

करून बघा. ३२ पीएसआयला उत्तर येतं ताशी ९४ च्या आसपास. हवा कमी होऊन २५ झाली तर ८३. दोन-तीन महिने हवा न बघितल्याची किंमत थेट ११ किलोमीटर! हे सूत्र आहे पाणी नक्षीपेक्षा खोल असताना, किंवा टायर गुळगुळीत झालेला असताना. नक्षी खोल असेल तर पाण्याला बाजूला जायला वाट मिळते आणि हा वेग वर सरकतो. म्हणजे नक्षीचं मुख्य काम पाणी काढून देणं. कोरड्या डांबरावर गुळगुळीत टायर जास्त पकडतो, रेसच्या गाड्यांचे टायर म्हणूनच तसे असतात. आणि टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला हटवावं लागतं. त्यामुळे १९५ काढून २१५ टाकणाऱ्या मित्रांनो, उन्हाळ्यात मजा येईल, पण जुलैत पौड रोडवर साचलेल्या पाण्यात तीच रुंदी अंगावर येते.

पण तरंगणं वेगळं आणि ओल्या रस्त्यावर पकड वेगळी. पिरंगुटच्या घाटात ताशी चाळीसने कोणी तरंगत नाही, तरी गाडी सरकते. तिथे रबराचं मिश्रण कामाला येतं. पूर्वी पेच असा होता: रबर ओल्यात पकडेल असं केलं तर ते इंधन खातं, इंधन वाचवेल असं केलं तर ओल्यात घसरतं, आणि दोन्ही साधायला गेलं तर लवकर झिजतं. सॉफ्टवेअरमध्ये आपण म्हणतो ना, लवकर, स्वस्त, चांगलं, यातलं कुठलंही दोनच निवडा, अगदी तसं. १९९२ मध्ये मिशेलिनने काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका वापरून टायर काढला. सिलिका रबरात सहज मिसळत नाही, दोघांना बांधून ठेवायला तिसरं रसायन लागतं. ते जमलं, आणि इंधन व ओली पकड दोन्ही एकदम सुधारता यायला लागले. आज चांगल्या टायरची किंमत का जास्त, याचा मोठा भाग इथे आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. नक्षीची नक्कल करता येते, मिश्रणाची नाही.

मग आपल्या देशात काय चाललं होतं? डनलॉपचा बंगालमधला साहागंजचा कारखाना १९३६ चा. इटलीच्या सिएटने १९५८ मध्ये टाटांच्या साथीने मुंबईत सुरुवात केली, भांडुपचा कारखाना तोच. एमआरएफ तर फुगे बनवत होती, मग १९५२ पासून ट्रेड रबर, म्हणजे झिजलेल्या टायरवर परत चढवायचं रबर. मला हे फार बोलकं वाटतं. आपली बाजारपेठ मालाच्या ट्रकची होती. किती ओझं झेपेल, किती किलोमीटर जाईल आणि रिमोल्ड किती वेळा होईल, हे तीन प्रश्न. अँब्युलन्सपासून मंत्र्यांपर्यंत सगळे ॲम्बेसिडरमध्ये, तिचा साइज ५.९०-१५. पद्मिनीचा ५.२०-१४. फुलीवाले अरुंद टायर. जेके टायरने १९७७ मध्ये रेडियल आणले, तेव्हा मिशेलिनच्या पेटंटला एकतीस वर्षं झाली होती. आपल्याकडचे अभियंते कमी पडले असं मला अजिबात वाटत नाही. गिऱ्हाईकच तसं होतं. आजही टायरच्या दुकानात काका पहिलं वाक्य बोलतात ते, "साहेब, हा पन्नास हजार जाईल." मी विचारलं की ओल्यात कसा आहे, तर म्हणाले, "पावसात हळू चालवायची." सल्ला योग्यच आहे. पण समोरून एखादी म्हैस आली की आपण हळू होतो की नाही, हे टायर ठरवतो.

आता तुम्ही ऑनलाइन रिव्ह्यू बघून ठरवलेला टायर दुकानात का मिळत नाही, ते सांगतो. २००९ च्या आदेशानंतर भारतात विकायच्या टायरवर आयएसआय मार्क बंधनकारक झाला. मग जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे परवाना घेऊनच आणायचं. रोजच्या साइजला फरक पडला नाही, पण २२५/४० आर १८ सारखा साइज असणाऱ्यांची पंचाईत झाली. देशी उद्योगाला आधार मिळाला हे खरं, पण सुरक्षिततेशी जोडलेल्या वस्तूवर निवड कमी करणं मला पटत नाही. या काळात एक चांगलं झालं. अपोलोने २००९ मध्ये विकत घेतलेला डच ब्रँड व्रेडेस्टाइन २०२१ मध्ये भारतात आला.

नियमांबद्दल अजून एक. युरोपात २०१२ पासून टायरवर ओल्या पकडीची श्रेणी छापलेली असते. आपल्याकडे २०२२ मध्ये एआयएस-१४२ या मानकानुसार ओल्या पकडीची किमान पातळी ठरली. पण ते पास-नापास आहे, किती मार्क मिळाले ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. टायरवर जे स्टार दिसतात ते मुख्यतः इंधनबचतीचे. पाच स्टार बघून हा पावसाळ्यात पकडेल असं समजू नका. त्याच मॉडेलचं, त्याच साइजचं युरोपियन लेबल नेटवर सापडलं तर ओल्या पकडीचं अक्षर बघा. फक्त एकाच नावाचा टायर दोन देशांत वेगळ्या मिश्रणाचा असू शकतो, हे लक्षात ठेवा.

तर मूळ प्रश्न. अमेरिकन यूट्यूबर सांगतो की रोजच्या गाडीला 'समर' टायर नको, 'ऑल सीझन' घ्या. त्याच्याकडे बर्फ पडतो हो! समर टायर म्हणजे उबदार हवामानाचा टायर, त्यात उन्हाळ्यातला पाऊस धरलेला असतो. मुळशीत बाराही महिने तोच आपला ऋतू. त्यामुळे चांगला परफॉर्मन्स समर टायर रोजच्या गाडीला चालतो, फक्त तो ओल्या रस्त्याचा विचार करून बनवलेला हवा. ट्रॅकसाठीचे अर्धे गुळगुळीत टायर मात्र घेऊ नका, मित्राने कितीही गळ घातली तरी. साइज कंपनीचाच ठेवा. व्हर्टस जीटीला २०५/५५ आर १६ असेल तर ५५ ला हात लावू नका, कारण भिंत बुटकी झाली की घोटवड्याच्या रस्त्यावरच्या एका खड्ड्यात फुगा येतो आणि महागडा टायर जातो. भिंतीवरच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळतोय म्हणून तीन वर्षं गोदामात पडलेला घेऊ नका. नक्षी १.६ मिलिमीटरला आली की कायद्याने टायर संपला, पण मी तरी पावसाळ्यात ३ च्या खाली जाऊ देत नाही.

आणि बजेट दोनच टायरचं असेल तर नवे मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. दुकानदार पुढे टाकायला सांगेल, कारण पुढचे आधी झिजतात. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाते, आणि पाय उचलून ती बऱ्याचदा सावरता येते. मागची सरकली तर गाडी गरकन फिरते, आणि ताम्हिणीत फिरायला एका बाजूला कडा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरी.