‘जरा’ एवढंच म्हणाला होता : रॅप्चर शहरातल्या एका खोलीची गोष्ट

आजचा विषय कळवला तेव्हा आयोजकांचा मला दोनदा फोन आला. “सर, व्हिडिओ गेमच म्हणालात ना?” होय, व्हिडिओ गेमच. तोही बंदुकीचा. मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘इच्छास्वातंत्र्य’ या कल्पनेचा इतिहास ग्रंथांतून पाहिला. आज तोच धागा एका खोलीत घेऊन जायचा आहे. ही खोली समुद्राच्या तळाशी आहे आणि ती खरी नाही. पण ऑगस्ट 2007 नंतर जगभर असंख्य लोक तिच्यात जाऊन आले आणि बाहेर पडताना जरा ओशाळलेले होते. ते का, एवढाच आजचा प्रश्न.

आधीच सांगतो, मी गोष्टीचं रहस्य फोडणार आहे. ज्यांना स्वतः खेळायचं आहे त्यांनी आत्ताच कान बंद करावेत.

गेमचं नाव ‘बायोशॉक’. इर्रॅशनल गेम्स या कंपनीने तो तयार केला, सूत्रधार केन लेव्हिन. कथा 1960 सालातली. अटलांटिक महासागरावरून जाणारं एक विमान कोसळतं आणि जॅक नावाचा एकच प्रवासी वाचतो. खेळणारा म्हणजे हा जॅक. समोर भर समुद्रात एक दीपगृह दिसतं. आत गेलं की एक पाणबुडीसारखं वाहन आहे, ते खाली उतरतं आणि काचेपलीकडे दिव्यांनी झगमगणारं शहर दिसू लागतं. हे रॅप्चर. इमारती आर्ट डेको शैलीच्या. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. इरॉस किंवा रीगल थिएटर डोळ्यांसमोर आणा आणि ते समुद्रात बुडवा.

हे शहर वसवलं अँड्र्यू रायन नावाच्या उद्योगपतीने, 1946 मध्ये. माणसाच्या घामावर हक्क फक्त त्या माणसाचा. सरकारचा नाही, धर्माचा नाही, गरिबांच्या नावाने हात पसरणाऱ्यांचाही नाही, असा त्याचा सिद्धान्त. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे लगेच आयन रँड आठवते. 1905 साली सेंट पीटर्सबर्गला जन्मलेली, 1926 मध्ये सोव्हिएत रशिया सोडून अमेरिकेत गेलेली, 1943 मध्ये ‘द फाउंटनहेड’ आणि 1957 मध्ये ‘ॲटलस श्रग्ड’ लिहिणारी. गेममधली नावं पाहा : रायन, ॲटलस, फाँटेन. रायनही रशियातूनच पळालेला. लेव्हिनने हे कधी लपवलेलं नाही. रँडच्या कादंबरीतले कर्तबगार लोक जग सोडून एका दरीत राहायला जातात. त्या दरीचं पुढे काय झालं असतं, असा प्रश्न हा गेम विचारतो.

काय झालं? आपण पोहोचतो तेव्हा शहर मोडलेलं आहे. स्वतःच्या शरीराची जनुकं बदलणारी औषधं खुल्या बाजारात विकली गेली, लोक व्यसनी झाले, मग दंगली, मग यादवी. आणि स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता रायन? त्याने शहर सोडून जायला बंदी घातली. बाहेरच्या जगाशी चोरटा व्यापार करणाऱ्यांना मृत्युदंड ठेवला. शेवटी तर हवेत रसायनं सोडून नागरिकांचं मनच ताब्यात घेतलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशा शहरात आपल्याला सोबत असते ती रेडिओवरच्या एका आवाजाची. तो आपलं नाव ॲटलस सांगतो. बोलणं आयरिश वळणाचं, आर्जवी. त्याची बायको आणि लहान मुलगा एका पाणबुडीत अडकलेत, त्यांना सोडवायचं आहे. आपण निघतो. डोळ्यांसमोर त्या पाणबुडीचा स्फोट होतो. मग दयेची जागा सूड घेतो : रायनला मारायचं. या दोन भावनांवर गेमचा अर्धा भाग चालतो.

आणि मग ती खोली येते. त्या टप्प्याचं नाव ‘रॅप्चर सेंट्रल कंट्रोल’. इतर टप्प्यांच्या मानाने तो फार लहान. रायनच्या कचेरीबाहेर एक दालन आहे, त्याच्या भिंतीवर फोटो चिकटवलेत. शास्त्रज्ञ सुचाँग, शास्त्रज्ञ टेनेनबॉम, रायनची प्रेयसी जॅस्मिन जोलीन. फोटोंना जोडणाऱ्या रेषा आणि त्यावर लाल रंगात तीन इंग्रजी शब्द फराटलेले : ‘वुड यू काइंडली’. जवळच एक ध्वनिमुद्रण सापडतं. सुचाँग एका लहान मुलाला सांगतो आहे की हातातल्या कुत्र्याच्या पिल्लाची मान मोड. मुलगा नको म्हणतो, रडतो. मग सुचाँग तेच तीन शब्द जोडून पुन्हा सांगतो. आणि आवाज येतो.

आत रायन शांतपणे गोल्फ खेळतोय. तो उलगडा करतो. जॅकचं शेत, आईवडील, बालपण सगळं खोटं, डोक्यात भरलेलं. जॅक हा रायनचाच मुलगा. गर्भावस्थेत विकला गेलेला, प्रयोगशाळेत काही वर्षांतच वाढवून मोठा केलेला. ते तीन शब्द कानावर पडले की तो सांगितलेलं करतो. विमान कोसळलं नव्हतं, त्यानेच पाडलं होतं; सोबतच्या पार्सलवर तीन शब्द लिहिलेले होते. आणि ॲटलसने अगदी पहिल्या भेटीपासून, रेडिओ उचलायला सांगताना, हत्यार शोधायला सांगताना, दर महत्त्वाच्या वळणावर तेच शब्द वापरले होते. आपण ऐकले होते. लक्ष दिलं नव्हतं. पाणबुडीत बायको नव्हती, मुलगाही नव्हता. ॲटलस नावाचा माणूसच नव्हता. तो होता फ्रँक फाँटेन, रायनचा वैरी.

मग रायन जॅकला हुकूम सोडतो. बस. ऊठ. पळ. थांब. आणि हातात गोल्फची काठी देऊन सांगतो, मार. मरेपर्यंत तो एकच गोष्ट ओरडत राहतो : माणूस निवड करतो, गुलाम हुकूम पाळतो.

मी हे माझ्या नातवाशेजारी बसून पाहिलं. मला स्वतःला खेळता येत नाही. पाच मिनिटं प्रयत्न केला, ती सगळी भिंतीला धडकण्यात गेली. काठी उगारली गेली तेव्हा मी म्हणालो, “अरे, नको मारूस, थांब जरा.” त्याने दोन्ही हात वर केले. “आजोबा, माझे हात बघा. मी काहीच करत नाहीये.” पडद्यावर काठी पडत होती. त्या प्रसंगात गेम खेळणाऱ्याच्या हातातलं नियंत्रण काढून घेतो.

आता या युक्तीचा इतिहास. रेडिओवरून सूचना देणारा आवाज हा या खेळांचा जुना रिवाज आहे. 1993 च्या ‘डूम’मध्ये गोष्ट नावालाच होती. 1998 च्या ‘हाफ-लाइफ’ने खेळ न थांबवता गोष्ट सांगायला सुरुवात केली. 1999 मध्ये ‘सिस्टिम शॉक 2’ आला. त्यातही लेव्हिन होता. तिथे अंतराळयानावर डॉक्टर पोलिटो नावाची बाई आपल्याला मार्ग दाखवत राहते. तिच्या खोलीत पोहोचलो की दिसतं, ती केव्हाच मेली आहे. बोलत होतं ते शोडान नावाचं दुष्ट यंत्र. म्हणजे फसवा आवाज आठ वर्षं आधीच आला होता. मग 2007 मध्ये नवं काय? पोलिटोच्या गोष्टीत मला फसवलं गेलं. रॅप्चरमध्ये मला विचारलं गेलं : तू एवढा वेळ ऐकत का होतास?

इथे भाषेचा मुद्दा येतो. त्या तीन शब्दांचं मराठी काय करायचं? ‘कृपया’? पण ‘कृपया’ आपण घरात म्हणत नाही. ‘कृपया’ पाटीवर असतं : कृपया रांगेत उभे राहावे. ऐकणारा सावध होतो. मी भाषांतर केलं तर ‘जरा’ करीन. “जरा तो रेडिओ उचल ना.” ‘जरा’ कानाला लागतच नाही. आज्ञेची धार त्यात बुडून जाते. आणि गंमत बघा, नातवाला थांबवताना मीही ‘जरा’च म्हणालो होतो.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकात एक दृष्टान्त दिला आहे. एक माणूस झोपेत असताना त्याला एका खोलीत नेलं. तिथे त्याला भेटायची ओढ असलेली व्यक्ती बसली आहे. बाहेरून कडी लावली. तो जागा झाला, आनंदला, गप्पा मारत बसला. तो राजीखुशीने थांबला, हे खरं. पण तो मोकळा होता का? लॉक म्हणतो, नाही. जायचं ठरवलं असतं तरी जाता आलं नसतं. प्रत्येक गेम ही अशी कडी लावलेली खोली आहे. आपण खुशीने थांबतो म्हणून कडी तपासत नाही.

यापुढे एक पायरी आहे. जॅकची इच्छाच दुसऱ्याने भरलेली होती. खेळणाऱ्याची तशी नव्हती; त्याच्याकडे कारणं होती, दया होती, राग होता. तरी दोघांनी केलं तेच. आतून पाहता दोघांना फरक कळला नसता. मला अस्वस्थ करतं ते हे.

आता त्या खोलीतलं दुसरं रहस्य. शहरात जागोजागी ‘व्हिटा-चेंबर’ नावाची यंत्रं आहेत, मेलेल्याला पुन्हा उभं करणारी. ती रायनच्या जनुकांवर चालतात. म्हणून तर त्याचा मुलगा जॅक पुन्हा पुन्हा जिवंत होतो. रायनच्या कचेरीतही एक आहे. ते बंद आहे. म्हणजे रायनने परत यायचं नाही असं ठरवलं होतं. बरेच जण यात त्याचा विजय पाहतात : मरण का होईना, त्याने निवडलं. मला ते पटत नाही. स्वतःची निवड सिद्ध करायला त्याला समोर एक गुलाम लागला, तोही स्वतःचा मुलगा. जे हवेतल्या रसायनांनी शहराला केलं, तेच त्याने शेवटी शब्दांनी मुलाला केलं. मरताना जे ओरडला त्यातला अर्धाच भाग त्याच्यापुरता खरा होता.

टीकाही सांगायला हवी. पुढे टेनेनबॉम जॅकला त्या शब्दांच्या पकडीतून सोडवते. आपण मुक्त होतो आणि लगेच तिच्या सूचना पाळायला लागतो! 2007 मध्येच क्लिंट हॉकिंग या गेम रचनाकाराने गाजलेला आक्षेप घेतला : खेळाचे नियम मला निवड देतात, गोष्ट मात्र ॲटलसला मदत करण्यावाचून मार्ग ठेवत नाही, ही फारकत आहे. आक्षेप योग्य आहे. त्या खोलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गेमला देता आलं नाही.

मला तरी देता येतं का? एक प्रसंग सांगतो. मी विभागप्रमुख असताना टेबलावर कागदांचा गठ्ठा आला. वर चिठ्ठी होती, “सर, जरा सह्या करून द्याव्यात.” मी केल्या. त्यातला एक कागद एका कंत्राटी शिक्षिकेची नेमणूक पुढे न वाढवण्याचा होता. मला ते तिच्याकडून कळलं, निरोप घ्यायला आली तेव्हा. मी तीस वर्षं इच्छास्वातंत्र्य शिकवत होतो. माझ्या डोक्यात कुणी काही भरलं नव्हतं. कडीही नव्हती. तो कागद मी वाचू शकत होतो.

शेवटी मागच्या रांगेतून चिठ्ठीवर आलेला प्रश्न वाचतो : “मग गेम बंद करणं हेच स्वातंत्र्य का?” चांगला प्रश्न. बंद करता येतो खरा. रायनला ती सोय नव्हती, जॅकलाही नाही. पण बंद केल्याने गठ्ठा टेबलावरून जात नाही. मी हल्ली एवढंच करतो : कुणी ‘जरा’ म्हणालं की हात पुढे करण्याआधी विचारतो, नाही केलं तर? बहुतेक वेळा उत्तर साधं असतं आणि मी ते काम करतो. त्या कागदाच्या वेळी विचारलं असतं, तर कदाचित केलं नसतं.

पुढच्या वेळी पुन्हा ग्रंथांकडे.